काजूच्या डब्यावरील माहिती

चंदगड तालुक्यातील एखाद्या काजू कारखान्यात गेल्यास तेथील डब्यांवर आणि खोक्यांवर ‘डब्ल्यू-२४०’, ‘डब्ल्यू-३२०’, ‘डब्ल्यू-४५०’ अशा खुणा दिसतात. या भागात काजू फोडणे, सोलणे आणि निवडणे या कामांवर अनेक घरे चालतात, त्यामुळे हे शब्द विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेलेले असतात. तरीही ‘२४० म्हणजे काय?’ असा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. कोणी भाव सांगेल, कोणी वजन सांगेल, आणि आकडा मोठा म्हणजे काजू मोठा असे समजणारे तर पुष्कळ निघतील.

खरा अर्थ वेगळा आहे. ‘डब्ल्यू’ हे अक्षर पांढऱ्या, अख्ख्या काजूगरासाठी वापरतात आणि २४० हा आकडा एका पौंडात जास्तीत जास्त किती गर बसतात हे सांगतो. डब्ल्यू-२४० या प्रतीत एका पौंडाला २२० ते २४० गर असावे लागतात, डब्ल्यू-३२० मध्ये ३०० ते ३२०. म्हणजे आकडा जितका मोठा तितका गर लहान. एक पौंड म्हणजे सुमारे ४५३.६ ग्रॅम. त्याला २४० ने भागले की एका गराचे सरासरी वजन किमान १.८९ ग्रॅम येते. डब्ल्यू-३२० साठी ते १.४२ ग्रॅम आणि डब्ल्यू-१८० साठी २.५२ ग्रॅम येते. व्यापारातील ठोक डबाही पौंडातच ठरलेला आहे. तो २५ पौंडांचा, म्हणजे ११.३४ किलोग्रॅमचा असतो. आपल्या देशात वजने मेट्रिक झाली त्याला कित्येक दशके लोटली, परंतु काजूच्या प्रतीत पौंड अजून टिकून आहे.

या लेखाचा विषय मात्र काजू नसून काजूविषयीची माहिती हा आहे. कारखान्यात माल तयार होतो हे सर्वांना दिसते. मालासोबत त्याची माहितीही तयार होत असते, ती हातोहात पुढे जाते, वाटेत बिघडते किंवा हरवते, हे सहसा दिसत नाही. मोठ्या कंपन्यांत ही माहिती सांभाळण्यासाठी एक स्वतंत्र व्यवस्था उभारतात. तिला ‘उत्पादन माहिती व्यवस्थापन’ किंवा इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘पिम’ असे म्हणतात. नाव भारदस्त असले तरी त्यामागचा विचार शाळेतील हजेरीपट किंवा ग्रंथालयाची नोंदवही नीट ठेवणाऱ्याला सहज समजेल असा आहे. तो लहान कारखान्यालाही लागू पडतो.

एककाशिवाय आकडा

माहिती बिघडते म्हणजे काय होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक बोइंग ७६७ विमान सुमारे साडेबारा किलोमीटर उंचीवर असताना त्यातील इंधन संपले. उड्डाणासाठी सुमारे २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. कॅनडात त्या सुमारास पौंडाकडून किलोग्रॅमकडे जाणे चालू होते आणि हे विमान किलोग्रॅममध्ये हिशेब करणाऱ्यांपैकी होते. इंधनाचे लिटरचे वजनात रूपांतर करताना कर्मचाऱ्यांनी १.७७ हा जुना गुणक वापरला. तो पौंडांसाठी होता, किलोग्रॅमसाठी सुमारे ०.८ हा गुणक घ्यायला हवा होता. परिणामी विमानात लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी इंधन होते. वैमानिकांनी इंजिने बंद पडलेले विमान तरंगत नेऊन गिमली येथील जुन्या विमानतळावर उतरवले आणि सर्वजण वाचले. गुणाकारात काही चूक नव्हती. आकड्याबरोबर त्याचे एकक पुढे गेले नाही, एवढेच घडले होते.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. माझ्या स्वतःच्या कामात एकाच द्रावणाची तीव्रता एका वहीत ग्रॅम प्रतिलिटर आणि दुसऱ्या वहीत टक्क्यांत लिहिली गेली होती. दोन्ही ठिकाणी एकक लिहायचे राहिले. ही चूक सापडेपर्यंत दोन आठवड्यांचे प्रयोग फुकट गेले होते. बाटलीत द्रावण होते, पण बाटलीची माहिती नव्हती, म्हणून शेवटी ते द्रावण ओतून द्यावे लागले.

एकच गोष्ट किती ठिकाणी?

आता चंदगड परिसरात एक मध्यम आकाराचा काजू कारखाना आहे अशी कल्पना करू. तेथे काजू बी वाळवतात, वाफवतात, फोडतात. गर पुन्हा वाळवून त्यावरील तांबूस साल काढतात, मग प्रतवारी करून डबे भरतात. कारखान्यात डब्ल्यू-१८०, २१०, २४०, ३२०, ४५०, तसेच पाकळी, तुकडा आणि कणी अशा आठ प्रती निघतात. प्रत्येक प्रत १०० ग्रॅम, २५० ग्रॅम, ५०० ग्रॅम, १ किलो आणि ठोक डबा अशा पाच आकारांत भरली जाते. म्हणजे विक्रीच्या चाळीस वस्तू झाल्या. प्रत्येक वस्तूविषयी नाव, प्रत, निव्वळ वजन, घटक पदार्थ, पोषणमूल्ये, टिकण्याचा काळ, करासाठीचा संकेतांक अशा पंचवीस गोष्टी सांगाव्या लागतात असे धरू. हा एक हजार नोंदींचा साठा झाला.

या हजार नोंदी कोठे असतात? काही लेबल छापणाऱ्याच्या संगणकात, काही हिशेबनिसाच्या बिलांच्या प्रणालीत, काही भावपत्रकात, काही गोदामाच्या वहीत, काही इंटरनेटवरील दुकानाच्या पानावर आणि काही मालकाच्या डोक्यात. अशा सहा ठिकाणी त्या लिहिल्या गेल्या तर हजाराच्या सहा हजार होतात. समजा, उतरवून घेताना दोनशे नोंदींमागे एक चूक होते. एका ठिकाणी लिहिताना पाच चुका झाल्या असत्या, तेथे आता तीस होतील. त्याहून वाईट म्हणजे दोन ठिकाणच्या नोंदी जुळल्या नाहीत तर त्यांतील खरी कोणती, हे ठरवण्याचे साधनच उरत नाही.

यावरील उपाय १९७० मध्ये एडगर कॉड या आय.बी.एम. कंपनीतील गणितज्ञाने एका शोधनिबंधात मांडलेल्या विचारातून निघाला. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि तक्ते एकमेकांशी समान खुणेने जोडावेत, असे त्यांनी सुचवले. पुढे त्यातूनच एक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदवावी आणि इतर ठिकाणी तिची नक्कल न करता तिच्याकडे बोट दाखवावे, हा नियम रूढ झाला. आजचे बँकांचे आणि रेल्वे आरक्षणाचे हिशेब याच पायावर उभे आहेत. कॉड यांना १९८१ मध्ये संगणकशास्त्रातील मानाचे ट्यूरिंग पारितोषिक मिळाले. आपल्या काजू कारखान्यालाही नेमके हेच करायचे आहे. हजार नोंदींचे एकच मूळ ठिकाण असावे आणि लेबल, बिल, भावपत्रक या सर्वांनी तेथूनच माहिती घ्यावी.

आधी ठरवायचे ते वस्तू म्हणजे काय

अशी व्यवस्था करायची म्हटले की पहिला विचार संगणकाचा आणि तयार प्रणाली विकत घेण्याचा येतो. हा क्रम उलटा आहे. प्रथम कागद आणि पेन्सिल घेऊन दोन गोष्टी ठरवाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे कोणती माहिती मालाची आणि कोणती मालाची नव्हे. यासाठी एक सोपी कसोटी आहे. ‘उद्या नवा लॉट आला तर ही गोष्ट बदलेल का?’ असा प्रश्न विचारावा. डब्ल्यू-२४० मध्ये पौंडाला २२० ते २४० गर असतात, ही गोष्ट बदलणार नाही, म्हणून ती मालाची माहिती. पॅकिंगची तारीख आणि लॉटचा क्रमांक बदलतील, म्हणून ती लॉटची माहिती. गोदामात आज किती डबे शिल्लक आहेत आणि कोणत्या व्यापाऱ्याला काय भाव दिला, ही व्यवहाराची माहिती. तिची जागा हिशेबाच्या प्रणालीत. ओलाव्याचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. काजूगरात पाण्याचे प्रमाण साधारणपणे शेकडा ५ पेक्षा जास्त नसावे, ही मर्यादा मालाच्या नोंदीत जाते. आज भरलेल्या लॉटमध्ये मोजलेला ओलावा मात्र लॉटच्या नोंदीत जातो. या दोहोंची गल्लत झाली की तपासणीला काही अर्थच उरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माहितीच्या पायऱ्या. आपल्या कारखान्यातील पंचवीस गोष्टींपैकी काही साऱ्या काजूगराला सारख्याच लागू होतात. घटक पदार्थ एकच, पोषणमूल्ये तीच, ॲलर्जीचा इशारा तोच. समजा, अशा दहा गोष्टी आहेत. दुसऱ्या काही प्रतीनुसार बदलतात, उदाहरणार्थ गरांची संख्या. अशा नऊ गोष्टी धरू. राहिलेल्या सहा गोष्टी, म्हणजे निव्वळ वजन, डब्याचे माप वगैरे, पॅकिंगनुसार बदलतात. प्रत्येक गोष्ट तिच्या योग्य पायरीवर एकदाच लिहिली तर हिशेब असा होतो : १० + (९ × ८) + (६ × ४०) = १० + ७२ + २४० = ३२२. हजार नोंदींचे काम तीनशे बावीस नोंदींत भागले. यात एका पैशाचाही संगणक लागला नाही, नीट विचार केला एवढेच.

ग्रंथपालांना ही पद्धत ओळखीची वाटेल. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात पुस्तकाला एकाच कप्प्यात कोंबण्याऐवजी त्याच्या विषयाचे पैलू वेगवेगळे मांडून जोडण्याची कल्पना होती. काजूचा डबाही असाच प्रत, प्रक्रिया आणि पॅकिंग या पैलूंनी सांगता येतो.

नाव पुरेसे नाही

पुढचा प्रश्न ओळखीचा. वस्तू नावाने ओळखावी असे कोणालाही वाटेल. पण चंदगड हा सीमेवरचा तालुका आहे. एका बाजूला बेळगाव, दुसऱ्या बाजूला गोवा आणि सिंधुदुर्ग. येथला माल या सर्व बाजारांत जाऊ शकतो. कन्नड भाषेत काजूगराला ‘गोडंबी’ म्हणतात. मराठीत मात्र गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या बीमधील गर, जो आपण डिंकाच्या लाडवात घालतो. गंमत अशी की बिब्बा आणि काजू ही दोन्ही झाडे एकाच, म्हणजे आंब्याच्या कुळातील आहेत, आणि दोघांच्या टरफलांतील तेल कातडीला भाजते. तरीही माल दोन वेगळे आहेत. तेव्हा ‘गोडंबी, १ किलो’ अशा मागणीचा अर्थ मागणारा कोण यावर अवलंबून राहील. याच्या उलट, कारखान्यातच ‘डब्ल्यू २४०’, ‘दोनशेचाळीस नंबर’ आणि ‘मोठा अख्खा’ ही तीन नावे एकाच मालाची असू शकतात.

यावर तोड म्हणजे प्रत्येक वस्तूला एक क्रमांक देणे आणि तो कधीही न बदलणे. नावे मराठी, कन्नड, इंग्रजी कितीही असोत, ती सर्व या एका क्रमांकाला जोडलेली असावीत. क्रमांकात अर्थ भरण्याचा मोह टाळावा. ‘२४०-५००’ असा क्रमांक देऊन त्यातून प्रत व वजन वाचता येईल अशी सोय केली, आणि पुढे पाकिटाचे वजन ५०० वरून ४५० ग्रॅम झाले, तर क्रमांकच खोटे बोलू लागतो.

बाजारातील पाकिटांवर उभ्या रेघांखाली छापलेला तेरा अंकी क्रमांक याच कामासाठी असतो. दुकानात अशा रेघा यंत्राने वाचून पहिली विक्री झाली ती २६ जून १९७४ रोजी, अमेरिकेतील ट्रॉय या गावी. ती वस्तू म्हणजे च्युइंगगमचे एक पाकीट होते. भारतात जी.एस.१ इंडिया ही संस्था हे क्रमांक देते आणि तिच्या क्रमांकांची सुरुवात ८९० ने होते. ८९० म्हणजे माल भारतात बनला असा समज आहे, तो चुकीचा आहे. क्रमांक भारतीय संस्थेकडून घेतला, एवढेच त्यावरून कळते.

या क्रमांकातील तेरावा अंक तपासणीचा असतो आणि तो गणिताच्या तासाला शिकवण्याजोगा आहे. शिकवण्यापुरते पहिले बारा अंक ८९०१२३४५६७८९ असे घेऊ. डावीकडून विषम स्थानांच्या अंकांची बेरीज : ८ + ० + २ + ४ + ६ + ८ = २८. सम स्थानांची बेरीज : ९ + १ + ३ + ५ + ७ + ९ = ३४. सम स्थानांच्या बेरजेची तिप्पट, म्हणजे १०२. एकूण १३०. ही संख्या पुढच्या दहाच्या पटीत नेण्यासाठी जो अंक मिळवावा लागतो तो तपासणी अंक. १३० ही दहाचीच पट आहे, म्हणून येथे तो ० आला. आता लिहिणाऱ्याने चुकून ४ आणि ५ यांची अदलाबदल केली असे समजा. विषम बेरीज २९, सम बेरीज ३३, तिची तिप्पट ९९, एकूण १२८. तपासणी अंक २ हवा, पण क्रमांकात ० आहे. चूक जागच्या जागी उघडी पडली.

कोणताही एक अंक चुकला तर ही युक्ती तो नेहमीच पकडते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल मात्र प्रत्येक वेळी पकडता येत नाही. त्या दोन अंकांतील फरक ५ असेल, उदाहरणार्थ १ आणि ६ किंवा २ आणि ७, तर एकूण बेरीज दहाने बदलते आणि चूक निसटते. हे का होते, ते विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे.

गुणधर्मांचा तक्ता

वस्तू आणि क्रमांक ठरले की प्रत्येक गुणधर्म कसा लिहायचा, हे ठरवावे लागते. नुसते ‘वजन’ असे शीर्षक देऊन भागत नाही. एकक कोणते, कोणती उत्तरे मान्य आणि जबाबदारी कोणाची, हे त्याच्यासमोर लिहायला हवे. नमुन्यादाखल काही ओळी पाहा :

१. प्रत : ठरलेल्या आठ नावांपैकीच एक. जबाबदारी प्रतवारी विभागाची.
२. एका पौंडातील गर : दोन पूर्णांक, किमान व कमाल. जबाबदारी प्रतवारी विभागाची.
३. निव्वळ वजन : ग्रॅममध्ये, पूर्णांक. जबाबदारी पॅकिंग विभागाची.
४. ओलाव्याची कमाल मर्यादा : शेकडा प्रमाण. जबाबदारी गुणवत्ता तपासणाऱ्याची.
५. ॲलर्जीकारक पदार्थ : ठरलेल्या यादीतून एक किंवा अनेक, जागा रिकामी ठेवता येणार नाही. जबाबदारी गुणवत्ता तपासणाऱ्याची.
६. करासाठीचा संकेतांक : अंकांत. जबाबदारी हिशेबनिसाची.

यांतील कित्येक गोष्टी कायद्यानेच सक्तीच्या आहेत. २०११ च्या वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत अशा बाबी छापाव्या लागतात. खाद्यपदार्थांवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा अंकी परवाना क्रमांक, पोषणमूल्ये आणि ॲलर्जीचा इशाराही लागतो. तेव्हा तक्ता करताना निम्मे काम कायद्याने आधीच करून ठेवलेले आहे.

संकेतांकाची गंमत पाहण्यासारखी आहे. जगभरच्या व्यापारात मालाला अंकी संकेत देण्याची एक समान पद्धत १९८८ पासून चालू आहे आणि आपल्याकडील वस्तू व सेवा करातही तीच वापरली जाते. त्यात साधा काजूगर ०८०१ या गटात, म्हणजे फळे व कवचफळांच्या प्रकरणात येतो. तोच गर भाजून मीठ लावला की तो २००८ या गटात, म्हणजे प्रक्रिया केलेल्या फळांच्या प्रकरणात जातो. आपल्या डोळ्यांना काजू तोच दिसतो, परंतु नोंदीच्या दृष्टीने ती वेगळी वस्तू झाली. कारखान्याने नवा खारा काजू सुरू केला आणि जुन्या नोंदीची नक्कल करून फक्त नाव बदलले, तर संकेतांक आणि घटक पदार्थ या दोन्ही ठिकाणी चूक राहील.

यातील घटक पदार्थांची चूक जिवावर बेतू शकते. समजा, मसाला काजूच्या मसाल्यात पुढे दुधाची भुकटी घालायला सुरुवात झाली आणि मसाला बनवणाऱ्याने ते लेबल करणाऱ्याला कळवले नाही. ज्या मुलाला काजू चालतो पण दुधाची तीव्र ॲलर्जी आहे, त्याची आई पाकीट वाचून ते त्याच्या हातात देईल. तिने वाचण्यात काही कसूर केली नाही. घटक बदलला की नोंद बदललीच पाहिजे आणि नोंद बदलल्याशिवाय नवे लेबल छापताच येऊ नये, अशी साखळी कारखान्याने बांधली असती तर हा धोका टळला असता.

संगणकाची पाळी

यानंतर कोठे संगणकाची पाळी येते. प्रथम जुनी माहिती गोळा करून स्वच्छ करावी लागते. एकाच मालाची तीन नावे एकत्र आणणे, एकके सारखी करणे, रिकाम्या जागा भरणे हे काम कंटाळवाणे असते. वेळापत्रकात त्याला सर्वांत कमी दिवस दिले जातात आणि प्रत्यक्षात तेच सर्वांत जास्त दिवस घेते. चाळीस वस्तूंच्या कारखान्याला संगणकावरील साधा तक्ता पुरतो. वस्तू काही हजार झाल्या, विक्रीची ठिकाणे आणि भाषा वाढल्या, की खास प्रणालीचा खर्च परवडू लागतो.

सुरुवात सगळ्या मालापासून करू नये. डब्ल्यू-२४० आणि डब्ल्यू-३२० या दोनच प्रती घ्याव्यात, म्हणजे पाकिटांच्या आकारांसह दहा वस्तू होतात. त्यांची लेबले आणि बिले महिनाभर नव्या नोंदीवरून काढावीत. मग एक चाचणी घ्यावी. एखादी गोष्ट, समजा टिकण्याचा काळ, मूळ नोंदीत बदलावी आणि ती सर्वत्र आपोआप बदलली का, की कोणाला हाताने दुरुस्ती करावी लागली, हे मोजावे. हाताने दुरुस्ती करावी लागलेले प्रत्येक ठिकाण म्हणजे शिल्लक राहिलेली एक नक्कल. ती काढून टाकल्यावर पुढच्या प्रती घ्याव्यात. जुनी वही मात्र ठरलेल्या दिवशी बंद करावी. ‘असू दे जवळ’ म्हणून ती चालू ठेवली तर काही महिन्यांत दोन सत्ये तयार होतात.

जबाबदारीविषयी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. प्रत्येक गुणधर्माला एकच जबाबदार व्यक्ती असावी. ती व्यक्ती शक्यतो ती गोष्ट प्रत्यक्ष मोजणारी असावी. पौंडात किती गर बसतात हे निवडणीच्या मेजावर बसणाऱ्या बाईंना कार्यालयातील कोणापेक्षाही चांगले कळते. त्यांनी नमुना मोजून आकडा सांगावा, तो त्यांच्या नावाने आणि तारखेसह नोंदला जावा, बदलायचा तर त्यांना विचारूनच बदलावा. कारखान्यातील ज्ञान बहुतेक वेळा अशा हातांत असते आणि कागदावर त्यांचे नाव कोठेही नसते. माहितीची चांगली व्यवस्था ही उणीव काही प्रमाणात भरून काढते.

मुळाची नोंद

शेवटचा मुद्दा चंदगडला जवळचा आहे. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे, पोर्तुगीजांनी ते सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आणले. आज भारतातील कारखान्यांना देशातील काजू बी पुरत नाही, म्हणून आफ्रिकेतील देशांतून ती मोठ्या प्रमाणात आयात होते. सोलून डब्यात भरल्यावर दोन्हीकडचे गर नुसत्या डोळ्यांनी खात्रीने वेगळे सांगणे कठीण असते. म्हणजे ‘चंदगडचा काजू’ हे गराकडे पाहून सिद्ध होत नाही, ते फक्त नोंदीने सिद्ध होऊ शकते. बी कोणत्या गावच्या कोणत्या शेतकऱ्याकडून, कोणत्या तारखेला, किती किलो आली आणि ती कोणत्या लॉटमध्ये गेली, ही साखळी पूर्ण असेल तरच डब्यावरील गावाच्या नावाला किंमत. साखळीत एक पोते बिननोंदीचे मिसळले की त्या लॉटचे सारे डबे शंकास्पद होतात. संगणक येथे मदत करू शकत नाही. मूळ नोंद खोटी असेल तर तो तीच खोटी माहिती सहा ठिकाणी सुबकपणे छापून देईल.

येथील शेतकऱ्याला त्याच्या मालाचे आणि मजुरी करणाऱ्या बायकांना त्यांच्या कौशल्याचे दाम मिळायचे असतील, तर त्यांचा माल गर्दीतून वेगळा ओळखता आला पाहिजे. ती ओळख खरेदीच्या पावतीपासून सुरू होते.

वर्गात करून पाहण्यासारखे

१. काजूगर १०० ग्रॅम अचूक मोजून घ्यावेत आणि गर मोजावेत. डब्ल्यू-२४० असल्यास साधारण ४८ ते ५३ आणि डब्ल्यू-३२० असल्यास ६६ ते ७१ भरावेत. हे आकडे पौंडावरून कसे आले, ते विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे.

२. घरातून रिकामी पाकिटे आणावीत. प्रत्येकाच्या तेरा अंकी क्रमांकाचा तपासणी अंक बरोबर येतो का, ते पाहावे. मग मुद्दाम एक चूक करून ती पकडली जाते का, ते तपासावे.

३. शाळेतील प्रयोगशाळेच्या साहित्याची यादी करावी. एकच वस्तू किती वह्यांत लिहिलेली आहे आणि त्या नोंदी जुळतात का, हे मोजावे. जुळत नसतील तर मूळ नोंद कोणती मानायची आणि तिची जबाबदारी कोणाची, हे विद्यार्थ्यांनी चर्चेने ठरवावे व लिहून ठेवावे. एवढे झाले की एका कंपनीत महिनोन्‌महिने चालणाऱ्या कामाची पहिली पायरी त्यांनी स्वतः चढलेली असेल.